माझ्या वतीनं

नववीच्या पोरींना इंग्रजीचा कंटाळा आला की त्यांना शंका सुचतात, हे पुष्पावतीबाईंना काही नवं नव्हतं. शंका निघाली की धडा थांबतो, बाई बोलत राहतात आणि घंटा जवळ येते. एवढं गणित ढ मुलीलाही जमतं. म्हणून शमशादनं हात वर केला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं नाही, पानात बोट ठेवून नुसतं 'विचार' म्हटलं. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं. शाळेच्या हौदापाशी टँकर उभा होता आणि शिपायाचं नि टँकरवाल्याचं रोजचं भांडण रंगात आलं होतं. "बाई, डेलिगेट आणि रेलिगेट यांत फरक काय? दोन्हीत कुणाला तरी कामच देतात ना?" शमशाद म्हणाली, आणि वर्ग हसला, कारण ही गल्लत एकट्या शमशादची नव्हती, निम्म्या वर्गाची होती, फक्त विचारायचं धाडस तिचं. बाईंना उत्तर तोंडपाठ होतं. "हे बघ, मोठ्या बाईंनी गॅदरिंगचं काम मला दिलं. काम त्यांचं, हात माझे. नाटक पडलं तर जाब त्यांनाच द्यायचा. हे झालं डेलिगेट. आता तू खो-खोची कॅप्टन. उद्या तुला कुणी म्हटलं, शमशाद, तू आता मैदानात नको, सगळ्यांच्या चपला सांभाळ. कामच दिलं की तुला! पण ते काम व्हावं म्हणून नाही दिलं, तुला बाजूला बसवायचं म्हणून दिलं. हे रेलिगेट. एकात काम हलतं, माणूस जागेवर राहतो. दुसऱ्यात माणसालाच हलवतात." पोरींनी वहीत उतरवून घेतलं. बाई पुन्हा धड्याकडे वळणार, तोच शमशाद बसता बसता पुन्हा उभी राहिली. "पण बाई, बाजूला बसवतोय असं तोंडावर कोण म्हणेल? ते गोडच बोलणार. म्हणणार, चपला सांभाळायला भरवशाची मुलगी पाहिजे. मग त्या मुलीला कळायचं कसं, आपलं यातलं कुठलं झालं ते?"

आता याला काय म्हणावं! तेरा-चौदा वर्षांच्या पोरीनं विचारलेला साधा प्रश्न, आणि बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या. हातातला खडू त्यांनी उगाच फळ्याला टेकवला आणि तिथं एक ठिपका उमटला. आदल्या संध्याकाळी दीर आला होता, खर्ड्याजवळच्या गावाहून, एस.टी.नं, धुळीनं माखलेला. चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाला होता, "वैनी, लग्नात कोठी तुमच्या ताब्यात. तूप, साखर, समदं. तिथं दुसरं कुनी नको, लई भरवशाचं मानूस पायजे." आणि पुष्पावतीबाईंनी मान डोलावली होती. बरंच वाटलं होतं त्यांना त्या वेळी. आता फळ्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघताना शमशादचा 'भरवशाची' हा शब्द त्यांना पुन्हा ऐकू आला. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरी दप्तरं आवरायला लागल्या.

नगरच्या दिल्लीगेटातून तोफखान्याकडे घरी येताना त्यांना रोज कुणी ना कुणी विद्यार्थिनीची आई भेटायची आणि 'बाई, आमची कशी आहे अभ्यासात?' म्हणून थांबवायची. आज कुणी भेटू नये असं त्यांना वाटत होतं, आणि नेमकं कुणी भेटलं नाही. डोक्यावरून पदर घेऊन त्या भिंतीच्या सावलीसावलीनं चालत राहिल्या. मी दिलं की माझ्याकडून घेतलं? हाच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत होता. पण मी दिलं, हे तर उघड होतं. साक्षीला सगळी माणसं होती. लेकीचं, गोदेचं, श्रीरामपूरकडच्या स्थळाशी जमलं त्या दिवशी घरात पुढल्या खोलीत सगळे बसले होते. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, माणसं समजूतदार, देण्याघेण्याची कटकट नाही. सुपारी फुटली, पेढा वाटला, आणि मग एकाएकी सगळे गप्प झाले. काय राहिलंय ते प्रत्येकाला माहीत होतं. कन्यादानाला बसणार कोण? बाप नाही. आई आहे, पण आईच्या कपाळाला कुंकू नाही, आणि कन्यादानाला जोडपं लागतं. हे बोलायचं कुणी, म्हणून सगळी मंडळी जाजमाच्या सुतांशी खेळत बसलेली. दीर गोरक्षनाथ खाली बघत होता. त्याला ते तोंडानं म्हणणं जमलं नसतं, एवढी माया त्याच्यात होती. भाऊ गेल्यापासून जोंधळ्याचं पोतं दरसाल न चुकता नगरला पोचवणारा माणूस तो. या दुष्काळातसुद्धा, स्वतःच्या घरी रेशनचा तांबडा मिलो खाऊन, वहिनीकडे जोंधळा पाठवला त्यानं. त्याची ती अवघडलेली मान पुष्पावतीबाईंना बघवेना. त्याच म्हणाल्या, "भाऊजी, कन्यादानाला तुम्ही आणि लंकाबाई बसा. माझ्या वतीनं बसा." आणि सगळ्या खोलीनं श्वास सोडला.

तो सुटलेला श्वास त्यांना आता ऐकू येत होता. त्या दिवशी वाटलं होतं, आपण किती शहाणपणानं वेळ सांभाळली! कुणाला वाईटपणा येऊ दिला नाही. पण कुणी एक माणूस, एक तरी, 'अहो, असं कसं, तुम्ही आई आहात' असं नुसतं तोंडदेखलं तरी म्हणालं का? नाही म्हणालं. म्हणजे सगळे वाटच बघत होते. दाराशी उभ्या माणसाला 'या आता' म्हणायची पाळी येऊ नये आणि त्यानंच चप्पल घालावी, तशी. त्यांनी मनाशी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, परीक्षेतल्या उत्तरासारख्या. मी म्हणाले 'माझ्या वतीनं'; म्हणजे काम माझंच राहिलं, हात फक्त त्यांचे. बरोबर. पण मग त्या दिवसापासून जे जे होत गेलं त्याचं काय? गोदेच्या शालूचा रंग ठरला तो लंकाबाईला विचारून. गुरुजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली ती गोरक्षनाथाला. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण गोजरबाई, ही तर परवा सरळच म्हणाली, "पुष्पे, घाना भरायला पाच सवाशिनी लागतीन, त्या म्या आनते. तू आपली दळनाचं बघ." दळण बघ, कोठी बघ, पाव्हण्यांच्या पाण्याचं बघ. एकेक काम हातात येत होतं आणि त्या एकेक पायरी मांडवापासून लांब जात होत्या. आणि सगळं कसं, तर गोड बोलून! 'तुमी नका दगदग करू, वैनी.' अरे, दगदग करू नका? जन्मभर दुसरं काय केलं?

नवरा, रंगनाथ, गेला तेव्हा गोदा सहा वर्षांची होती आणि पुष्पावतीबाई स्वतः पंचविशीच्या आत. त्यानंतर त्या शिकल्या. माहेरच्यांनी नाकं मुरडली, सासरच्यांनी 'कशाला आता' म्हणून पाहिलं, पण त्या शिकल्या. मॅट्रिक झाल्या, बी. ए. झाल्या, बी. एड. झाल्या, आणि याच नगरात, जिथं नवऱ्याबरोबर सायकलच्या दांडीवर बसून सर्कस बघायला आल्या होत्या, तिथं मास्तरीणबाई म्हणून उभ्या राहिल्या. गोदेला गोवर आला तेव्हा उशाशी त्याच होत्या. गोदा दहावीत गणितात घसरली तेव्हा तिला घेऊन बसणारी कोण? पावसात गळणाऱ्या खोलीत कोरड्या कोपऱ्यात पोरीला निजवून आपण भिंतीला टेकून बसणारी कोण? लंकाबाई? लंकाबाईनं गोदेला उन्हाळ्याच्या सुटीत आंबे दिले असतील, वेणी घातली असेल. बाई चांगली होती, तिच्याविषयी काही तक्रार नव्हती. पण मुलगी देताना तिच्या हातावर पाणी सोडायचं ते लंकाबाईनं? बाप मुलीचा हात जावयाच्या हातात देतो आणि आई झारीनं वरून पाण्याची धार धरते. पाणी खाली पडलं की मुलगी दिली. एवढंच तर असतं. सगळ्या लग्नात आईला स्वतःच्या हातानं करायचं असं तेवढं एकच, आणि तेवढंच आपण उचलून दुसरीच्या हातात दिलं, वर स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक केलं. घराची कडी काढताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तिथंच, उंबऱ्यात, ठरवलं: ती धार मी धरणार. कन्यादानाला ते दोघं बसोत खुशाल, पण झारी माझ्या हातात असेल. शास्त्र काय म्हणेल, आत्याबाई काय म्हणतील, ते म्हणोत.

ठरवलं खरं, पण बोलणार कुणापाशी? दिवसभर वर्गात मोठ्यानं बोलणाऱ्या बाईंना घरात हा विषय काढता येईना. गोरक्षनाथ आला की मांडवाच्या गोष्टी निघायच्या. गावाकडे विहिरींना थेंब नाही, म्हणून लग्न केडगावला ठरलेलं, गोरक्षनाथाच्या एका सोयऱ्याच्या मळ्यात, तिथल्या विहिरीला अजून पाणी होतं. गोरक्षनाथ उत्साहानं सांगायचा, "वैनी, लिंबाची गार सावली हाय. मांडव नसता घातला तरी चाललं असतं." मग त्या म्हणायच्या, "बरं झालं." उद्या बोलू, परवा बोलू. एकदा गोदा बांगड्या भरून आली, हिरवागार चुडा, मनगट वर करून आईला दाखवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, लग्नात तू कुठं असशील?" "असेन की तिथंच." "तिथंच म्हणजे कुठं?" "कोठीत. किल्ल्या माझ्याकडे आहेत ना." गोदेनं चुडा दिव्याकडे धरून पाहिला. पोरीला आता स्वतःचंच सुचतंय, असं पुष्पावतीबाईंना वाटलं, आणि त्याचा राग आला, आणि रागाची लाज वाटली. आपल्या पोरीवर काय रागावायचं! तिचं वय आहे ते. त्यांनी उठून शेगडीत कोळसे घातले.

आणि एक गोष्ट होती, जी त्या स्वतःशीसुद्धा उघड बोलत नसत. शाळेत त्या मुलींना सांगायच्या, मांजर आडवं गेलं तर मांजराला कुठंतरी जायचं होतं, बाकी काही नाही. पोरी हसायच्या. पण रंगनाथ ज्या सकाळी सायकल काढून जामखेडच्या बाजूला निघाला, पावसाळी दिवस, घाई, तेव्हा पुष्पावतीनं चुलीपुढून विचारलं होतं, "कुठं निघालात?" घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं' विचारू नये, हे लहान पोरालाही कळतं. सासूनं कपाळावर हात मारला होता. "अगं, इचारलंस का! रंगा, बस घडीभर, पानी पिऊन जा." रंगनाथ हसला होता. तो असल्या गोष्टी मानत नव्हता. दाराबाहेर एक पाय टाकूनच म्हणाला, "आल्यावर पितो." दुपारी ओढ्याला लोंढा आला. त्यानंतर सासूनं कधी त्या शब्दाचा उच्चार केला नाही. बिचारी तशी नव्हती. कुणीच काही म्हणालं नाही. पुष्पावतीबाईंनी पुढं कितीतरी पुस्तकं वाचली आणि ओढ्याचा नि आपल्या शब्दाचा काडीचा संबंध नाही हे त्यांना पक्कं पटलं. तरी गोदा परीक्षेला निघाली की त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या, तिच्या वाटेत यायच्या नाहीत. हातात काहीतरी काम घ्यायच्या. गोदेला वाटायचं, आईला सकाळची घाई असते.

लग्नाच्या दिवशी मळ्यात पहाटेपासून माणूस मावत नव्हता. जामखेडकडची मंडळी ट्रकनं आली, बायका घामाघूम, पोरं पेंगलेली, आणि उतरल्या उतरल्या सगळी विहिरीकडे धावली, नुसतं पाणी बघायला. म्हातारी माणसं काठावर उभी राहून खाली वाकून बघत होती. "पानी हाय बरं का! खरंच हाय!" जणू लग्न त्या विहिरीचंच. कोठीसाठी मळ्यातली अवजारांची खोली झाडून दिली होती. तिला एकच दार, आणि दारातून मांडवाची अर्धी बाजू दिसायची. पुष्पावतीबाई तिथं रवळ्या-परातींच्या मधे बसल्या, कमरेला किल्ल्या, अंगावर मोतिया रंगाचं नवं लुगडं, जे गोरक्षनाथानं स्वतः निवडून आणलं होतं. तूप द्या, गूळ द्या, विड्याची पानं कुठायत, बाई, डाळ कमी पडती का बघा. मागेल त्याला देत होत्या. दारातून हळदीची गाणी ऐकू येत होती. गोदेला पाटावर बसवलं असेल, आंब्याच्या पानानं हळद लावत असतील, आधी पायाला, मग गुडघ्याला, मग खांद्याला. लंकाबाईचा आवाज त्यातून वेगळा कळायचा, खडा आणि थोडा बेसूर. पुष्पावतीबाईंना ते गाणं पाठ होतं. ओठ हलत होते त्यांचे, आवाज काढला नाही. गोजरबाई एकदा दारात आली, काठी टेकून, आणि प्रेमानंच म्हणाली, "पुष्पे, अक्षता पडताना हितंच ऱ्हा हां, बाई. तुझ्याच पोरीच्या भल्यासाठी म्हनते." पुष्पावतीबाईंनी तिला बसायला पाट दिला आणि पाणी दिलं. म्हातारी पाणी पिऊन गेली. ती गेल्यावर मात्र त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याच पोरीच्या भल्याचं मला सांगते! त्यांनी किल्ल्या कमरेच्या सोडल्या आणि स्वयंपाकाकडे बघणाऱ्या बाईच्या हातात दिल्या. "धर. मी येते जाऊन." कधीपासून बोलायचं ठरवलेली वाक्यं सगळी तयार होती, एकाखाली एक.

मांडवात शिरल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, वाजंत्री थांबली होती, आणि माणसं जेवणाच्या वासानं उठू की बसू करत होती. पाटांवर गोरक्षनाथ आणि लंकाबाई बसलेले, समोर नवरा मुलगा, कपाळाला मुंडावळ्या, आणि गोदा. गुरुजी पळीनं पाणी सोडत मंत्र म्हणत होते. पुष्पावतीबाई खांबाशी येऊन उभ्या राहिल्या. बायकांत कुजबूज झाली ती त्यांनी ऐकली आणि ऐकली नाही. आता पुढं व्हायचं. आता म्हणायचं: लंकाबाई, झारी इकडे द्या. एवढं म्हणायचं. त्यांनी एक पाऊल उचललं, आणि तेवढ्यात लंकाबाईनंच मान वर केली. ती जशी काही वाटच बघत होती. पाटावरून अर्धी उठली, हातातली पितळी झारी पुढं केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्का, या की हिकडं. धार तुमी धरा. माझ्या हातचं काय हाय त्यात? पोर तुमची."

गोरक्षनाथ पाटावरच बाजूला सरकला, जागा केली. "या, वैनी." त्याचे डोळे लाल झाले होते, होमाचा धूर अजून झालाच नव्हता. गोजरबाई काहीतरी पुटपुटली, पण गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मातोश्रींनी धार धरली तर काही अडत नाही. कन्यादान काका-काकू करतायत, धार आईनं धरावी. या, बाई." म्हणजे कुणीच अडवत नव्हतं. ज्यांच्याशी भांडायला म्हणून त्या कोठीतून निघाल्या होत्या ती सगळी माणसं हात पुढं करून उभी होती. झारीच्या तोटीतून एक थेंब खाली पाटावर पडला. गोदा वळून आईकडे बघत होती, मुंडावळ्यांच्या आडून, तिचं तोंड एवढंएवढंसं झालेलं. पुष्पावतीबाईंनी हात पुढं करायचा होता. तेवढंच काम राहिलं होतं.

हात वर येईना. त्यांनी खाली पाहिलं तर उजवा हात पदराच्या आत गेलेला, पाठीमागं, आणि डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलेलं. कुणी धरलं ते? कुणी नाही, त्यांनीच. पोरीचा संसार आजपासून सुरू होतोय. तिचा नवरा समोर बसलाय, तरणाबांड, धडधाकट. आणि त्याच्या हातावर पाणी पडणार ते या हातानं? शाळेतली सगळी वर्षं, ती पुस्तकं, मांजराची गोष्ट, सगळं त्या क्षणी कुठं गेलं कुणास ठाऊक. ओढ्याचा आवाज कानात भरला. "नको," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्याच कानांना परका वाटला. "नको, माझा हात नको. तुम्हीच धरा, लंकाबाई. माझ्या वतीनं." आणि त्या एक पाऊल मागं सरल्या, मग आणखी एक, खांबाला पाठ टेकेपर्यंत. लंकाबाईनं झारी तशीच धरून ठेवली, काय करावं तिला कळेना. "अक्का, असं काय करता?" पण गोजरबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, ती म्हनती ना. आईचं काळीज हाय, तिला कळतं." गुरुजींनी जरा वाट बघितली आणि पळी उचलली. पाण्याची धार पडली. मंत्र झाले. वाजंत्र्यांनी पुन्हा सूर धरला आणि माणसं जेवायला उठली.

पुढचं सगळं त्यांनी केलं. पंगतीत तूप वाढलं, व्याह्यांच्या मानपानाचं बघितलं, श्रीरामपूरकडच्या बायकांच्या ओट्या लंकाबाई भरत होती तेव्हा ताटातले तांदूळ संपले तर ते आणून दिले. कुणी म्हणालं, "बाई, जेवून घ्या," तर जेवल्याही. जिवाला मात्र चैन नव्हतं. आपल्याला कुणी बाजूला बसवलं ते शोधत होतो आपण इतके दिवस. दीराच्या गोड बोलण्यात शोधलं, आत्याबाईच्या काठीत शोधलं, त्या सुटलेल्या श्वासात शोधलं. लोक होते ते भित्रे होते, अवघडलेले होते, पण वाट सोडून उभे होते. लाज अशी वाटत होती की कुणाच्या डोळ्याला डोळा देऊ नये. त्यांनी ताटं गोळा करणाऱ्या बायकांत मिसळून थोडी ताटंसुद्धा उचलली. मग विहिरीवर हात धुवायला गेल्या आणि पोहऱ्याच्या पाण्यात हात बुडवून बराच वेळ तशाच बसल्या. पाणी गार होतं.

उन्हं कलल्यावर पाठवणीची वेळ आली. दाराशी मोटार उभी होती, झेंडूच्या माळा बांधलेली. फुलं दुष्काळातली, बारीक आणि अर्धी सुकलेली. गोदेनं गोरक्षनाथाला वाकून नमस्कार केला तेव्हा तो पोरासारखा रडला. लंकाबाईनं तिला पोटाशी धरलं, ओटी भरली, कानात काहीतरी सांगितलं. गोजरबाईनं दोन्ही हातांनी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. सगळ्यांचं झाल्यावर गोदा आईकडे आली. पुष्पावतीबाई गर्दीच्या मागं, बाभळीच्या कुंपणापाशी उभ्या होत्या. 'कुठं' असा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून त्यांनी दात घट्ट मिटले होते. गोदा वाकली नाही. तिनं आईचा उजवा हात शोधून काढला, पदराखालून, आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. हिरव्या चुड्याचा किणकिणाट झाला. पोरीच्या तळव्याची मेंदी अजून गडद होती, आणि हात गरम.

"धारेचं मीच काकूला सांगितलं होतं, आई," ती हळूच म्हणाली. रडत नव्हती, म्हणून ते ऐकणं आणखीच अवघड. "काकू लगेच हो म्हणाली. काकांपाशी काढलं तर ते म्हणाले, मला तोंडानं म्हणता आलं नव्हतं, तू बरं काढलंस. गुरुजींनाही जाऊन विचारलं, त्यांच्या घरी. आत्याआजीच्या तर मी पाया पडले, म्हटलं, काही बोलू नकोस त्या वेळी. तुला किती आनंद होईल म्हणून महिनाभर गप्प राहिले मी." मोटारीतून कुणीतरी हाक मारली, उशीर होतोय, श्रीरामपूर लांब आहे. गोदेनं तिकडे बघितलं नाही. "सगळ्यांना विचारलं गं. फक्त तुला नाही विचारलं. म्हटलं, तुला काय विचारायचं?"

गोदेनं आईचा हात क्षणभर आपल्या गालाला लावला, मग सोडला आणि ती मोटारीकडे चालू लागली.